एकाच जाडीचे दोन तीळ

ब्रिस्बेनमधल्या एका सरकारी रुग्णालयात मी सव्वीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होते. त्यातला मोठा काळ लोकांच्या अंगावरून काढलेले तीळ मोजण्यात गेला. ब्रिस्बेन ही ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची राजधानी, आणि क्वीन्सलँड हा जगात मेलानोमाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या प्रदेशांपैकी एक. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्वचेच्या इतर कॅन्सरांपेक्षा तो कमी आढळतो, पण जीव घेण्यात तो पुढे. ब्रिटन-आयर्लंडमधून आलेली गोरी, नितळ कातडी आणि विषुववृत्ताजवळचं कडक ऊन यांची तिथे गाठ पडली. म्हणून आमच्या विभागात संशयास्पद तिळांचे नमुने रोज यायचे.

काढलेला तीळ मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतात आणि ते गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून काचेवर ठेवतात. मायक्रोस्कोपच्या आयपीसमध्ये आखलेली बारीक पट्टी असते. त्वचेच्या वरच्या कणीदार थरापासून सर्वांत खोल उतरलेल्या कॅन्सरपेशीपर्यंतचं अंतर त्या पट्टीवर मोजायचं. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की रुग्ण जगेल का, याचा सर्वांत चांगला अंदाज याच आकड्यावरून येतो. गाठ १ मिलिमीटरहून पातळ असेल, तर दहातले नऊहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतरही जिवंत असतात. ४ मिलिमीटरच्या पुढे गेली, तर काळजी फार वाढते.

त्या पट्टीवर माझा पूर्ण भरवसा होता. तो पहिल्यांदा हलला दोन रुग्णांमुळे. एक उत्तर क्वीन्सलँडमधला ऊस शेतकरी, दुसरा शाळेच्या बसचा चालक. वय जवळपास सारखं, दोघांचाही तीळ पाठीवर, आणि दोघांच्याही रिपोर्टवर मीच लिहिलेला आकडा एकच : २.१ मिलिमीटर. शस्त्रक्रियाही सारखीच झाली. आमच्याकडे दर गुरुवारी सगळ्या विभागांच्या डॉक्टरांची बैठक होई. अशाच एका बैठकीत समजलं, की शेतकऱ्याच्या यकृतात आणि मेंदूत आजार पसरलाय. तीन वर्षांच्या आत तो गेला. बसचालक मी निवृत्त झाले तेव्हाही दरवर्षी तपासणीला येत होता. मी दोघांच्या काचा पुन्हा काढून शेजारी-शेजारी ठेवल्या आणि तासभर पाहिल्या. पट्टीची चूक नव्हती. आकडा बरोबर होता, तरी तो पुरेसा नव्हता.

त्या वर्षी सुट्टीत तासगावला आले, तेव्हा वडिलांना हे सांगितलं. ते द्राक्षबागायतदार. त्यांना बायप्सी ठाऊक नव्हती, पण ऐकून म्हणाले, "एकाच नर्सरीतली रोपं मी दोन रानांत लावली. खालच्या रानात वेल फोफावला, वरच्या माळरानात जागच्या जागी राहिला. तुम्ही रोप बघताय, रान बघितलंय का?"

वडिलांना माहीत नव्हतं, पण हाच विचार लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला होता. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या बायकांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून त्यांनी म्हटलं होतं, की कॅन्सरपेशी हे बी असलं, तर ज्या शरीरात ते पडतं ती जमीन. बी सगळीकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्या जमिनीतच. कॅन्सरच्या विज्ञानाने पुढची शंभर वर्षं बहुतेक बियाचाच अभ्यास केला. जमिनीकडे, म्हणजे रुग्ण जन्मतःच जे सोबत घेऊन येतो त्याकडे, लक्ष जाऊन फार काळ झालेला नाही.

इथे एक फरक आधी समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं गोंधळात पडेल. तो सातबाऱ्यावरून नीट कळतो. वडिलोपार्जित जमिनीचा उतारा आपल्याला मिळतो, त्यात आधीपासून काही नोंदी असतात. नंतर आपल्या हयातीत त्यावर फेरफार होतात. जनुकांचंही तसंच. आईवडिलांकडून आलेला मजकूर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सारखाच असतो. तो आपण मुलांनाही देतो. आयुष्यात उन्हामुळे किंवा पेशी दुभंगताना झालेल्या चुकांमुळे एखाद्याच पेशीत नवे फेरफार होतात. अशा फेरफारांतून कॅन्सर उभा राहतो. मेलानोमाच्या साधारण निम्म्या गाठींत बीआरएएफ या जनुकात फेरफार सापडतो. तो फक्त गाठीत असतो, मुलाबाळांत उतरत नाही. या लेखाचा विषय पहिला, मूळ उताऱ्यातल्या नोंदींचा आहे.

मेलानोमा काही घराण्यांत फिरतो, हे इंग्लंडमधल्या स्टूरब्रिज गावच्या विल्यम नॉरिस नावाच्या डॉक्टरने १८२० मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या रुग्णाचे वडीलही तशाच आजाराने गेले होते आणि मुलांच्या अंगावर तीळ होते. त्यामागचं एक मोठं जनुक सापडायला १९९४ साल उजाडलं. ते नवव्या गुणसूत्रावरचं सीडीकेएन२ए. पेशीचं दुभंगणं थांबवणारा ब्रेक असं त्याचं काम. तो ब्रेक जन्मतःच अर्धा निकामी असलेली कुटुंबं स्वीडनमध्ये आहेत, नेदरलँड्समधल्या लायडनच्या परिसरातही आहेत. त्यांच्यात मेलानोमा तर होतोच, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो.

स्वीडिश संशोधकांनी या कुटुंबांचा पुढचा प्रवासही पाहिला. ब्रेक बिघडलेल्यांचा मेलानोमानंतरचा जगण्याचा काळ इतर रुग्णांपेक्षा कमी निघाला, अगदी गाठीची जाडी हिशेबात धरूनसुद्धा. म्हणजे वारसा फक्त आजार आणत नव्हता, आजाराचा शेवटही ठरवत होता. पण त्याच देशातून २०२० मध्ये दुसरी बातमी आली. पसरलेला मेलानोमा असलेल्या आणि हाच बिघाड बाळगणाऱ्या १९ रुग्णांना रोगप्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं दिली, आणि निम्म्याहून अधिक जणांच्या गाठी आटल्या. संख्या लहान आहे, हे मान्य. तरी त्यातून दिसलं ते महत्त्वाचं : एका उपचारापुढे वाईट ठरलेला वारसा दुसऱ्या उपचारापुढे तसाच वाईट राहील, असं नाही.

वारशाची अशी दुहेरी चाल मला आणखी एका जनुकात दिसली. एमसी१आर हे जनुक त्वचेत काळपट रंग बनवायचा की लालसर, हे ठरवतं. १९९५ मध्ये समजलं, की लाल केस आणि उन्हाने चटकन भाजणारी गोरी कातडी याच्याच बदललेल्या रूपांतून येते. क्वीन्सलँडमध्ये असे चेहरे रस्तोरस्ती दिसतात, आणि त्यांना मेलानोमा अधिक होतो. मग एकदा आजार झाल्यावर तेच लोक अधिक मरत असतील, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी इतर केंद्रांना सोबत घेऊन २०१२ मध्ये जो अभ्यास छापला, त्यात उलटं निघालं. या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असलेले रुग्ण थोडे अधिकच जगले. फरक फार मोठा नव्हता, पण त्याची दिशा पाहून मी थबकले. आजार कुणाला होईल हा एक प्रश्न, झाल्यावर कोण वाचेल हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकाच नोंदीत असतील, असं धरून चालता येत नाही.

माझ्या त्या दोन रुग्णांच्या कोड्याजवळ मला सर्वांत जास्त नेणारं संशोधन २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून आलं. तिथल्या सोहेल तवाझोई यांच्या प्रयोगशाळेत बेंजामिन ऑस्टेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी अपोई या जनुकाकडे पाहिलं. हे जनुक मूळचं चरबी वाहून नेणारं एक प्रथिन बनवतं. माणसांत त्याचे तीन प्रकार आढळतात : ई२, ई३ आणि ई४. त्यांच्यातला फरक २९९ दुव्यांच्या साखळीतल्या एक-दोन दुव्यांचा. बहुतेकांकडे ई३ असतो. ई४ बदनाम आहे, कारण तो असलेल्यांना अल्झायमरचा, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याच्या आजाराचा, धोका वाढतो.

संशोधकांनी माणसाचे हे तीन प्रकार बसवलेले उंदीर घेतले आणि सगळ्यांच्या अंगात सारख्याच मेलानोमापेशी सोडल्या. बी एक, रानं तीन. ई२ असलेल्या उंदरांत गाठी भराभर वाढल्या. ई४ असलेल्यांत त्या लहान राहिल्या, पसरल्याही कमी. ई४च्या उंदरांत गाठीवर चालून जाणाऱ्या संरक्षक पेशी अधिक होत्या आणि त्यांना अडवणाऱ्या पेशी कमी. मग त्यांनी माणसांच्या नोंदी तपासल्या. मेलानोमाच्या रुग्णांतही तोच क्रम दिसला : ई४ बाळगणारे अधिक जगले, ई२ बाळगणारे कमी. गाठीत नव्याने झालेल्या कुठल्याही फेरफाराचा इथे संबंध नव्हता. हा फरक ते रुग्ण जन्माला आले त्याच दिवशी त्यांच्या रक्तात होता.

तो लेख वाचला तेव्हा मी निवृत्त झालेली होते. ऊस शेतकरी आणि बसचालक यांची जनुकं कुणी तपासली नव्हती, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हेच घडलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या पट्टीला जे दिसत नव्हतं ते खरोखर अस्तित्वात आहे आणि ते मोजताही येतं, याची खात्री त्या दिवशी पटली. शरीरातलं अपोई वाढवणारं एक औषध उंदरांत उपयोगी ठरलं आणि पुढे माणसांवरही त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. जन्माने मिळालेलं रान बदलता येत नसलं, तरी त्यात खत घालता येईल, अशी ही आशा आहे.

वारशाचा आणखी एक धागा औषधांशी जोडलेला आहे. २०११ पर्यंत पसरलेल्या मेलानोमाचे बहुतेक रुग्ण वर्षभरही काढत नसत. मग जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांच्या शोधांतून, ज्यांना २०१८ चं नोबेल मिळालं, प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारी औषधं आली. अशी दोन औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतर हयात असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या उमेदीच्या काळात हा आकडा कुणी सांगितला असता, तर मी मानला नसता. पण उरलेल्यांचं काय? एकच औषध एकाला तारतं आणि दुसऱ्याला नाही, यामागे गाठीतले फेरफार आहेत, तसाच वारसाही आहे.

सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोत्यातून मूठभर माल बाहेर काढून दाखवतात. त्यावरून आत काय भरलंय ते व्यापाऱ्याला कळतं. आपली प्रत्येक पेशी असंच करते. आतल्या प्रथिनांचे तुकडे ती पृष्ठभागावर धरते आणि गस्तीवरच्या संरक्षक पेशी ते नमुने तपासतात. कॅन्सरचा नमुना दिसला, की हल्ला होतो. नमुने धरणाऱ्या या हातांना एचएलए म्हणतात. त्यांची मुख्य तीन जनुकं असून प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. दोन्ही प्रती वेगळ्या असल्या, तर हात सहा प्रकारचे आणि दाखवले जाणारे नमुनेही नाना तऱ्हेचे. एखादी जोडी सारखीच आली, तर तेवढी विविधता घटते. २०१८ मध्ये मेलानोमा धरून वेगवेगळ्या कॅन्सरच्या १,५३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे लगाम सैल करणारी औषधं घेणारे होते. तिन्ही जोड्या वेगवेगळ्या असलेले रुग्ण त्यांच्यात अधिक जगले.

या औषधांचा एक परिणाम मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवा. काही रुग्णांच्या हातांवर, चेहऱ्यावर उपचारादरम्यान पांढरे डाग उठतात. कोडच ते. आपल्याकडे कोड म्हटलं की लग्नं मोडतात, माणसं बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतात. पण मेलानोमाच्या रुग्णाला उपचारात कोड उठलं, तर डॉक्टरांना हायसं वाटतं. रंगपेशींवर प्रतिकारशक्ती तुटून पडली आहे, त्यात कॅन्सरच्या रंगपेशीही आल्या, असा त्याचा अर्थ. हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या २०१५ च्या अभ्यासातही कोड उठलेले रुग्ण अधिक जगल्याचं दिसलं. त्याच्याही आधी, २०१० मध्ये, रंग बनवणाऱ्या टीवायआर या जनुकाबद्दल असं आढळलं होतं, की त्याचं जे रूप कोडाकडे झुकवतं ते मेलानोमापासून दूर नेतं. ज्या डागाला आपण घराण्याचा कलंक म्हणत आलो, त्याच्या मुळाशी असलेली नोंद एका जीवघेण्या आजारापासून राखणही करते.

आता माझ्या आत्याविषयी.

ती कवठेमहांकाळकडच्या एका गावात राहायची. आयुष्यभर अनवाणी शेतात राबलेली. टाचेवर काळा डाग आला, तो दोन वर्षं वाढत राहिला. "काटा मोडलाय गं टाचंत, कुरूप झालंय, दुसरं काय न्हाई," असं ती फोनवर मला सांगायची. आधी बिब्ब्याचा चटका दिला, मग ब्लेडने तासलं, मग एका दवाखान्यात कुरपाचं मलम मिळालं. जांघेत अवधाण आलं, तेव्हा कुठे मिरजेला नेलं. तिथल्या माझ्या वर्गमैत्रिणीने काच मला ब्रिस्बेनला पाठवली. ती मी स्वतः मोजली. ६.४ मिलिमीटर. वर्षं होतं १९९६. तेव्हा नवी औषधं नव्हती. मी घरी आले तेव्हा आत्या खाटेवर होती. मला समजावत म्हणाली, "सटवाईनं लिवलेलं चुकतंय व्हय, पोरी?" दिवाळीच्या आधी ती गेली.

आपल्या कातडीतला काळा रंग उन्हापासून चांगलं रक्षण करतो, म्हणून भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे. लाखात एकाहूनही कमी. पण जो होतो तो पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर निघाला. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला. या प्रकारात बीआरएएफचा फेरफार कमी वेळा सापडतो आणि नव्या औषधांचा गुणही बेताचाच येतो.

मी वर सांगितलेलं जवळपास सगळं ज्ञान युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तातून आलेलं आहे. २०२० मध्ये ३६,७६० मेलानोमा रुग्णांचा जनुकीय अभ्यास होऊन धोक्याच्या ५४ जागा सापडल्या. ते रुग्ण बहुतेक सगळे गोरे. लाल केसांची एमसी१आरची रूपं आपल्याकडे नसल्यातच जमा. तळपायाच्या मेलानोमात भारतीय रुग्णाला काय तारतं आणि काय मारतं, हे त्यांच्या सातबाऱ्यावरून आपल्याला कळणार नाही. आपलं रान आपल्यालाच तपासावं लागेल. जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुले झाले. ही चांगली सुरुवात आहे. तिला कॅन्सर रुग्णांच्या रक्ताची आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या नोंदींची जोड मिळायला हवी.

आत्याच्या वाक्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज आहे. वारशाने आलेली जनुकं म्हणजे सटवाईचा लेख नव्हे. सटवाईचं अक्षर कुणाला वाचता येत नाही. हे वाचता येतं, त्यावरून औषध निवडता येईल असा काळ जवळ येतोय. आणि ६.४ मिलिमीटरपर्यंत पोहोचायला लागलेली ती दोन वर्षं कुठल्याही जनुकात लिहिलेली नव्हती.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. घरच्या घरी करायच्या जनुकचाचण्या मागवून ई२ की ई४ याची धास्ती घेऊ नका. त्यावरून आज कुणाचा उपचार ठरत नाही. मात्र घरात दोन-तीन जणांना मेलानोमा झाला असेल, किंवा मेलानोमाबरोबर स्वादुपिंडाचा कॅन्सरही असेल, तर कॅन्सर रुग्णालयातल्या जनुकीय समुपदेशकाला जरूर भेटा. घरात कुणावर कॅन्सरचे उपचार चालू असतील आणि संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला, तर संमतीपत्र नीट वाचा, शंका विचारा आणि मन मानलं तर होकार द्या. तुमच्या नातवंडांच्या पिढीला ते उपयोगी पडेल.

आणि आज रात्री पाय धुताना तळवे वर करून पाहा. आईचे, वडिलांचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही पाहा. वाढत जाणारा काळा डाग, वेडीवाकडी कड, न भरणारी जखम किंवा नखाखाली रुंदावणारी काळी रेघ दिसली, तर त्याला कुरूप म्हणून तासू नका, बिब्बा लावू नका. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.